चावी माझ्याकडेच होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, आणि सांगतानाही स्वतःचा संताप येतोय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रॅमर होते. आरोग्याची माहिती देणाऱ्या एका मराठी वेबसाइटवर आम्ही जाहिराती लावायचो — जो जे वाचेल, त्याला तशी जाहिरात. पण वाचणारा कोण, हे कुणाला कळता कामा नये. म्हणून नाव आणि फोन नंबर सांकेतिक अक्षरांत बदलणारा प्रोग्रॅम मी लिहिला. ती अक्षरं उलगडायची चावी लगेच नष्ट व्हायची. केवढा तोरा होता मला त्याचा!

मग कंपनीचे मालक, आमचे सर म्हणाले, "चावी राहू दे. कधी लागली तर?"

मी ठेवली. वेबसाइटवर मात्र 'तुमची ओळख आम्हालाही कळत नाही' हे वाक्य तसंच राहिलं. तेही माझंच.

सुरेखा माझी मावसबहीण. सायखेड्याची, नाशकात दिलेली. मूल होत नव्हतं म्हणून सासू उठताबसता तिला बोलायची. दोष नवऱ्यात होता, पण ते बाहेर काढायचं नाही, अशी त्याची तंबी. त्या वेबसाइटवर उपचारांबद्दल वाचायला ती माझ्या घरी आली. आधी नाव आणि घरचा फोन नंबर भरावा लागायचा; तो भरताना थबकली.

"ताई, हे कुणाला दिसणार नाय ना?"

"अगं, मलाही दिसणार नाही," मी म्हणाले. चावी माझ्याकडे असताना!

पुढे आमच्या एका मोठ्या जाहिरातदाराला, वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्याला, पुरुषांच्या उपचारांबद्दल वाचणाऱ्यांची नावं हवी झाली. सर म्हणाले, काढून दे. भरदुपारी, चहा पीत मी ती काढली. त्यात सुरेखा होती. दिसली मला — स्पष्ट दिसली! तेवढं एक नाव पुसायला काय लागत होतं? सरांची भीती? की एक पुसलं तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्नच मला नको होता?

मी सगळी पाठवली.

दवाखान्याचा फोन सासूनं उचलला. मुलातलं व्यंग तिला असं परक्याकडून कळलं. घराची अब्रू घालवली म्हणून नवऱ्यानं सुरेखाला मारलं, सायखेड्याला आणून सोडलं आणि परत नेलं नाही. त्याचा राग येतो. सरांचा येतो. पण त्या दोघांवर तिनं विश्वास टाकलाच कुठे होता? तो टाकला होता माझ्यावर.

मी भेटायला गेले, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "ताई, त्यांना कळलं कसं गं?"

"तूच दुसरीकडे कुठेतरी नंबर टाकला असशील," मी म्हणाले. वर आवाज चढवून म्हणाले, "माझ्या कंपनीचं नाव नको घेऊस यात."

ती आठवायला लागली, आपण कुठे चुकलो ते. मग डोळे पुसून म्हणाली, "माझंच चुकलं असंल ताई. तुला उगीच त्रास. माफ कर मला."

आणि मी तिला माफ केलं.