बावीसचं मॉडेल, कागदाचं

बॉसच्या अंत्यविधीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी बेडोकला त्यांच्या इमारतीखाली पोचलो, तेव्हा त्यांची गाडी माझ्याआधीच येऊन उभी होती. लाल, बुटकी, अमेरिकन. खरी गाडी मी सकाळीच सेम्बावांगला आमच्या जहाजांच्या यार्डात कव्हर घालून ठेवली होती.

जवळ गेलो. पंख्याच्या वाऱ्याने तिचं दार आतबाहेर होत होतं, श्वास चालल्यासारखं. बांबूच्या कामट्या आणि त्यावर लाल कागद. चाकांना चंदेरी.

इथले चिनी लोक गेलेल्या माणसासाठी कागदाच्या वस्तू करून जाळतात, म्हणजे त्या त्याला तिकडे मिळतात. घर, कपडे, मोबाईलसुद्धा. एवढं मला माहीत होतं. गाडीत माणूस बसवतात हे माहीत नव्हतं.

स्टिअरिंगवर हात ठेवून एक कागदी ड्रायव्हर बसला होता. सावळा. मिशी माझी. भुवईतली तुटकी जागासुद्धा माझी. अंगात आमच्या कंपनीचा निळा शर्ट रंगवलेला.

“आवडला?” बॉसची बायको मागून म्हणाली. त्यांना मी आंटी म्हणतो. आमचं बोलणं साध्या, तुटक्या इंग्रजीत चालतं. “कारागिराला तुझा फोटो पाठवला मी. बॉसचा जीव होता तुझ्यावर. संध्याकाळी पुजारी याला नाव देईल. नाव नसलं तर हाक मारल्यावर येणार कसा? तुझंच देऊ ना?”

मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, मलाच कळलं नाही.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. जहाजं रंगवायला इथे परदेशात आलो आणि पहिल्याच वर्षी परांचीवरून पडून पाय मोडला. सगळे म्हणाले, आता तिकीट काढून परत पाठवणार. बॉस स्वतः हॉस्पिटलात आले, आणि पाय बरा होईपर्यंत त्यांनी मला स्टोअरमध्ये ब्रश धुवायला बसवलं. यार्डात त्यांच्या गाडीवर गंजाची धूळ बसायची ती मी कुणी न सांगता पुसायचो. ते कॉफी घेऊन बाजूला उभे राहायचे, बोलायचे नाहीत. अशा माणसाला शेवटी ‘माझं नाव देणार नाही’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

जिन्यात जाऊन आईला फोन लावला.

“पुतळा तर पुढाऱ्याचा जाळतात,” ती हसली. “तू कधी निवडून आलास?” मग तिने आवाज खाली आणला. “नाव देऊ नको रे बाबा. तुला तो ओसरीवरचा आठवतो ना?”

आठवत होता. आमच्या गावातला एक जण ट्रकवर गुजरातला गेला आणि बेपत्ता झाला. बरीच वर्षं वाट बघून घरच्यांनी दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, दिवस घातले. नंतर तो परत आला. बायकोने दारातून ओळखलं, रडली, पण ‘आत या’ म्हणाली नाही. तो मग देवळाच्या ओसरीवरच राहिला. आम्ही पोरं पैज लावून त्याला हात लावून यायचो. हात गरम असायचा, आणि तरीही आम्ही पळायचो.

खाली आलो. कागदी ड्रायव्हरकडे बघायचं टाळत होतो, म्हणून स्टिअरिंगकडे बघितलं. ते डावीकडे होतं.

या गाडीची जुनी मॉडेलं तशीच यायची, आणि डाव्या स्टिअरिंगची गाडी इथे रस्त्यावर चालवू देत नाहीत. बॉसनी त्यापायी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. स्टिअरिंग उजवीकडे असलेलं बावीसचं मॉडेल मिळेल असं कळलं, तेव्हा त्यांचे गुडघे गेलेले होते. त्या खोलगट सीटमध्ये उतरताना कण्हायचे, पण किल्ली कुणाला देत नसत.

“आंटी, ही त्यांची गाडी नाही,” मी म्हणालो. “स्टिअरिंग चुकलंय.”

त्यांचा मुलगा खुर्च्या लावत होता. आता तोच आमचा बॉस. माझं वर्क परमिट पुढे चालू ठेवायचं की नाही हे त्याच्या हातात. “बघितलंय मी,” तो म्हणाला. “कारागिराने इंटरनेटवरून उचललं. राहू दे. तिकडे इन्स्पेक्शन नसतं रे.”

“पण ते स्वतः चालवायचे. दुसऱ्याला कधी देत नव्हते.”

“मलासुद्धा नाही,” तो म्हणाला आणि खुर्ची तशीच धरून उभा राहिला.

मी बॉससाठी भांडत होतो, आणि माझ्या जिवासाठीही. आंटींना ते दिसलं असणार. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग कागदी माणसाकडे.

“काढा त्याला,” त्या म्हणाल्या. “माझ्या नवऱ्याने ड्रायव्हर ठेवला नसता.”

गाडी पोचवायला आलेला कारागीर कुरकुरत पाती आणि खळ घेऊन बसला. स्टिअरिंग निघालं, पण ड्रायव्हरचे हात सुटेनात. एक कसाबसा सुटला, दुसरा फाटला आणि त्याची बोटं स्टिअरिंगलाच चिकटून राहिली. ती तशीच उजवीकडे गेली.

“मग याला डावीकडे बसवू?” मुलगा म्हणाला. “दोनच सीट आहेत. बाबांना सोबत होईल.”

“नको,” आंटी म्हणाल्या. “ती जागा माझी आहे.”

कारागिराने ड्रायव्हर उचलून माझ्याकडे दिला. वजन काहीच नव्हतं.

दिवेलागणीला शेजारच्या मैदानात गाडी नेली. मी त्याला काखेत धरून मागे उभा राहिलो. मुलगा येऊन शेजारी थांबला. त्याचे डोळे सुजले होते.

“सोमवारी वेळेवर ये,” तो म्हणाला. “आणि याला पगार मिळणार नाही, हं.”

मी गरजेपेक्षा मोठ्याने हसलो. पुढे आंटी बॉसना हाका मारून सांगत होत्या, गाडी आलीय, घ्या, सांभाळून जा. मग कागद पेटला. आधी छत गेलं, मग दारं. कामट्यांच्या सापळ्यात ते स्टिअरिंग, त्याला चिकटलेल्या बोटांसकट, जरा वेळ तसंच दिसत राहिलं. मी खिशात हात घातला आणि एकेक बोट हलवून बघितलं.