वाढलेला आकडा

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात मी रोज प्रत्येकाच्या धोक्याचा आकडा काढतो. रक्तातलं आम्ल वाढलं, श्वास खालावला की आकडा चढतो आणि मूल वाचण्याची आशा कमी होते. आज चार वर्षांच्या राणीचे वडील माझ्या कागदावर वाकले.

"डॉक्टरसाहेब, काल बारा होते, आज एकवीस! सुधारली म्हणायची पोरगी."

माझ्या वडिलांनीही माझी गुणपत्रिका अशीच बोट ठेवून वाचली होती. आमच्यासारख्या घरांत आकडा वाढला की पेढेच आठवतात. त्या गुणांनीच मला इथवर आणलं. पण सगळी औषधं देऊनही हा आकडा मला उतरवता येत नाही.

"दादा, जरा बसा," मी म्हणालो.

"आलोच, हिच्या आईला सांगून येतो," म्हणत ते हसत बाहेर धावले. मला त्यांना थांबवता आलं नाही.