गेणभाऊची करंगळी

कुठलीही कॅसेट लागली की वारूळवाडीचा गेणभाऊ उजव्या हाताची पाचही बोटं उघडून हात गुडघ्यावर ठेवायचा. एकेका वाद्याला एकेक बोट वाटून द्यायचा. वाद्य ऐकू येतंय तोवर बोट ताठ. गर्दीत बुडालं की बोट मिटलं. गाणं संपल्यावर किती बोटं उभी राहिली त्यावरून तो निकाल द्यायचा आणि त्या निकालावर अपील नसायचं. नारायणगावात रमणलाल शेठच्या कॅसेटच्या दुकानात नवा माल आला की शेठ आधी गेणभाऊला चहा पाजायचे. "ढोलकीनं गाणारणीला खाल्लं," एवढं गेणभाऊ बोलला की शेठ त्या कॅसेटच्या दहाऐवजी दोनच प्रती ठेवून घ्यायचे.

हा कान त्याला कुणी शिकवला नव्हता. चौथीनंतर शाळा सुटली आणि तो एका लाउडस्पीकरवाल्याचे कर्णे झाडावर चढून बांधायला लागला. अठ्ठ्याऐंशी साली स्वतःचा सेट घेतला. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, चार माईक. पुढची पंधरा-सोळा वर्षं ओझरच्या उत्सवापासून मंचरच्या लग्नांपर्यंत तो सेट टेम्पोतून फिरत राहिला. गेणभाऊची एक खोड होती. कार्यक्रम सुरू झाला की तो मशीनपाशी थांबत नसे. "मशीनजवळ बसलं की समद्यांनाच आपलं काम ग्वाड लागतं," असं म्हणत तो थेट गर्दीच्या शेवटाला जायचा. तिथं पोरं मांडीवर झोपवून बसलेल्या बायका असायच्या. त्यातल्या सगळ्यात मागच्या बाईला विचारायचा, "मावशी, ऐकू येतंय का?" ती हो म्हणाली की झालं. नाही म्हणाली की पळत येऊन बटणं फिरवायचा. त्या बाया झोपेतून उठवल्यासारख्या वैतागायच्या, पण गेणभाऊला त्याचं काही नव्हतं.

निरगुडसरच्या भिमाजीची आणि त्याची गाठ याच फिरण्यात पडली. भिमाजी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा आणि यात्रांच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात. त्याची फुंक अशी, की वरात वेशीबाहेर असतानाच गावाला कळायचं. स्टेजवर तो उभा राहिला की गेणभाऊ जाता जाता त्याच्यासमोरचा माईक हातभर लांब सरकवायचा. नाहीतर गाणाऱ्या बाईचा शब्द कुणाला लागला नसता. हे इतक्यांदा झालं, की सरकवणाऱ्याला त्यात काही वाटेना. वाजवणाऱ्याला काय वाटत होतं, हे कुणी विचारलं नाही.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात मंचरला एक मोठं लग्न झालं. नवरीकडच्या पाहुण्यांत पुण्याचा एक पियानोवाला होता, जाझ वाजवणारा. वरातीत भिमाजीनं वाजवलं ते ऐकून तो पंगतीतून उठून आला. जानेवारीत पुण्यात त्यांच्या मंडळाचा कार्यक्रम होता, त्याचं रेकॉर्डिंग होऊन सीडी निघणार होती. "एक तुकडा आमच्याबरोबर वाजवाल का?" म्हणाला. भिमाजी सत्तावन्न वर्षांचा. त्यानं आयुष्यात हजारभर लग्नं वाजवली होती, पण त्याची एक सेकंदाची टेप कुठं नव्हती. तो हो म्हणाला आणि घाबरून गेणभाऊला बरोबर घेऊन गेला. भिमाजीची बायको साळुबाईही गेली. तिला पुढं बसायला सांगत होते, पण ती नको नको म्हणत अगदी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली.

कार्यक्रम झकास झाला. जाझचं गणित गेणभाऊला दहा मिनिटांत उमगलं. ज्याची त्याची पाळी येते, तेव्हा बाकीच्यांनी दबून वाजवायचं, आपल्या चक्री भजनासारखंच. भिमाजीची पाळी आली तसं हॉल चिडीचूप झाला आणि मग टाळ्या थांबेनात. परतीच्या एसटीत भिमाजी राजगुरुनगरपर्यंत मांडीवर बोटांनी तोच तुकडा वाजवत होता. नंतर म्हणाला, "गेण्या, आता मेलो तरी चालंल." साळुबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

महिन्याभरानं नमुन्याची सीडी आली, सोबत पत्र. रेकॉर्डिंगचं मिक्सिंग, म्हणजे एकेका माईकचा वेगळा घेतलेला आवाज जुळवणं, वृषाली नावाची एक मुलगी करत होती. तिनं सरळ आणि सभ्य लिहिलं होतं: भिमाजीकाकांचं वाजवणं फार क्षीण आलं आहे. आवाज वाढवला तर ड्रमच वाढतो. त्या दिवशी त्यांचा श्वास कमी पडला असावा. त्यामुळे तो तुकडा सीडीतून वगळावा असं सगळ्यांचं मत आहे, तरी आठ दिवसांत तुमचं म्हणणं कळवावं.

भिमाजी ती सीडी घेऊन रमणलाल शेठच्या दुकानात आला. भर दुपारी शेठनी मोठे स्पीकर जोडले. गेणभाऊनं बोटं मांडली. अंगठा ड्रमला, पुढची तीन पियानोला, ट्रंपेटला आणि तारेच्या मोठ्या बासला. करंगळी भिमाजीची. तुकडा सुरू झाला. ड्रमच्या झांजेचा किणकिणाट कसा स्वच्छ, पियानोचा सूर न् सूर वेगळा. आणि सॅक्सोफोन? शेजारच्या गल्लीत कुणीतरी वाजवतंय आणि आपण खिडकी लावून घेतली आहे, असा. करंगळी मिटली ती शेवटपर्यंत उघडली नाही.

"मिक्सिंगनं मारलं," गेणभाऊनं निकाल दिला. "पुण्याची पोरगी. तिला काय ठावं सॅक्सोफोन?"

दुकानातल्या चार जणांनी माना डोलावल्या. आपल्या माणसाला पुण्यानं मारलं, हे आपल्याकडे लगेच पटतं. भिमाजीला मात्र पटलं नाही. तो म्हणाला, "न्हाई रं. ती लिवती तेच खरं. हिवाळ्यात खोकला व्हता मला. दम सरला माझा." आणि सीडी तिथंच टाकून तो एसटी पकडायला गेला.

गेणभाऊनं सीडी पुन्हा लावायला सांगितली. पोरीच्या चुका मोजायच्या म्हणून तिसऱ्यांदा लावली, तेव्हा त्यानं तुकड्याच्या आधीची शांतता ऐकली. कुणी ती ऐकत नाही. टाळ्या विरतात, कुणीतरी खाकरतं, आणि मग लाकडी स्टेजवर लोखंड ओढल्याचा 'खर्र' असा आवाज. मागोमाग 'टण्ण'. एवढंच.

गेणभाऊनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. तांब्याचं कडं होतं.

भिमाजीच्या सॅक्सोफोनची पेटी स्टेजवर ठेवून उतरताना त्यानं, माईकच्या लोखंडी दांड्याला कडं आपटत, माईक हातभर लांब सरकवला होता. सवयीनं. हॉलमध्ये काही बिघडलं नाही, भिमाजीची फुंक माईकवाचून शेवटपर्यंत पोचली. पण यंत्र कानानं ऐकत नाही, माईकनं ऐकतं. आणि त्या लांबच्या माईकला शेजारचा ड्रम जवळ होता. पोर आतल्या खोलीत बसली होती, तिला स्टेज दिसत नव्हतं. तिनं जे आलं तेच लिहिलं. सगळ्या दुनियेच्या रेकॉर्डिंगची खोट काढणाऱ्या माणसाची खोट रेकॉर्डिंगनं काढली होती, तीही कड्याच्या खुणेसकट.

"काय रे, काय झालं?" शेठनी विचारलं.

"काय न्हाई," गेणभाऊ म्हणाला आणि घरी गेला.

इथं सांगितलंच पाहिजे, की तो चांगला माणूस असला तरी त्यानं तीन दिवस तोंड उघडलं नाही. कान हीच त्याची सगळी अब्रू. ती गेली तर उरतात दोन कर्णे आणि एक जुना टेम्पो. त्याला लाज वाटली, भीतीही वाटली. आठ दिवसांची मुदत आपोआप संपेल, तुकडा निघून जाईल, 'खर्र' आणि 'टण्ण' त्याच्याबरोबर जाईल, असाही विचार त्यानं केला.

चौथ्या दिवशी साळुबाई त्याच्या दारात उभी राहिली. ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "भाऊ, तुमाला कान हाय म्हून इचारते. त्यांचा दम खरंच गेला का? बाजा लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलाय. बँडवाल्याला सांगून आलेत, आता दुसरा बघ म्हून."

गेणभाऊनं गाडीला किक मारली. "बसा वहिनी," म्हणाला.

निरगुडसरला भिमाजी अंगणात मिरच्या वाळत घालत होता. गेणभाऊ गाडीवरून उतरलाच नाही, बसल्या बसल्या बोलून टाकलं. "भिमा, माईक मी सरकवला व्हता. पोरीची चूक न्हाई, तुझी बी न्हाई. माझी हाय."

भिमाजी मिरच्या पसरत राहिला.

"तुझी फुंक मोठी," गेणभाऊ म्हणाला. "जवळ ठेवला असता तर बाकीच्यांना खाल्लं असतं तू. मला वाटलं..."

"पंधरा वरसं सरकवतोयस," भिमाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "दर यात्रेला. मी स्टेजवर आलो की तू यायचास आन् माईक लांब करायचास. मला वाटायचं, आपला बाजा लोकास्नी नगंच असतो. भरतीला म्हून उभं करत्यात."

इतक्या वर्षांत शेवटच्या बाईला हजार वेळा विचारलं होतं. समोर उभ्या माणसाला एकदाही नाही.

"मोठा हाय म्हून लांब करायचो रं," शेवटी तो म्हणाला.

"ह्ये आज सांगतोस व्हय?"

साळुबाईनं मधे पडून चहा टाकला. चहा पिताना गेणभाऊनं तिला विचारलं, "वहिनी, तुमी शेवटच्या खुर्चीवर. तुमाला आलं व्हतं ना ऐकू?"

"आलं की. समदं आलं."

"मंग दम कसा सरला?" तो भिमाजीला म्हणाला, आणि दुसऱ्या क्षणी त्यानं कप खाली ठेवला. त्या दिवशी हॉलमध्ये साळुबाईच्या डोक्यावर, गॅलरीच्या कठड्याला, दोन माईक टांगलेले होते. लोकांच्या टाळ्या घेण्यासाठी. तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला तेव्हा त्यानं स्वतः मान वर करून ते पाहिले होते.

संध्याकाळी त्यानं शेठच्या दुकानातून वृषालीला फोन लावला. आधी स्वतःची चूक सांगितली, कड्यासकट. शेठ वहीत डोकं घालून ऐकत होते, पण गेणभाऊनं आवाज खाली घेतला नाही. मग म्हणाला, "ताई, म्होरचे माईक समदे बंद करा त्या तुकड्यापुरते. निस्ते मागचे दोन ठेवा. म्होरचे आन् मागचे मिसळू नगा, मागचा आवाज उशिरा पोचतो, एका आवाजाचे दोन ऐकू येतील. मोकळ्या रानात दोन कर्णे लांब लांब बांधले की असंच व्हतं."

"काका, असं केलं तर झांजेची चमक जाईल," ती म्हणाली.

"जाऊ द्या. माणूस तर येईल."

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज आलाय, म्हणाली, सगळ्यांचा. फक्त मागे कुणीतरी मध्येच बोलतंय. ते सुरांवरच असल्यानं काढता येत नाही. चालेल का? गेणभाऊ म्हणाला, राहू द्या.

नवी सीडी आली त्या दुपारी दुकानात भिमाजी होता, साळुबाई होती, आणि न बोलावता आलेले आठ-दहा जण होते. गेणभाऊनं गुडघ्यावर हात ठेवला. तुकडा सुरू झाला. आवाज जरा लांबून येत होता, खुर्च्या करकरत होत्या, कुणी खोकत होतं. झांज धुरकट झाली होती. पण सगळे एका खोलीत होते, आणि भिमाजीची पाळी आली तेव्हा त्याची फुंक भिंतीला लागून परत येताना ऐकू आली. एवढ्यात स्पीकरमधून स्पष्ट आवाज आला:

"वहिनी, ऐकू येतंय का?"

आणि मागोमाग साळुबाईचा, "येतंय की. तुमी गप बसा जरा."

दुकान हसून लोटपोट झालं. साळुबाईनं पदर तोंडावर घेतला. शेठ म्हणाले, "गेणभाऊ, तू पण आलास सीडीत." गेणभाऊही हसला, पण त्यानं हात हलवला नाही.

भिमाजी हसला नाही. त्याचं स्पीकरकडे लक्षच नव्हतं. तो तुकडा संपेपर्यंत गेणभाऊच्या करंगळीकडे बघत होता. ती ताठ उभी होती.