हेडसर आणि चौथा भाग

हेडसरांनी कुठल्याही नव्या गोष्टीचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही. नागपुरात रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या खाली, तळघरात त्यांचं गेम पार्लर होतं. सहा टीव्ही, सहा खुर्च्या, एक कूलर. ते मूळचे खाप्याचे. आधी टीव्ही दुरुस्तीचं काम करायचे. शिक्षक कधीच नव्हते. हेडसर हे नाव पोरांनी दिलं, कारण ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारत नसत, त्याची परीक्षा घेत.

खेळ बरेच होते, पण त्यांचा जीव एकाच मालिकेत होता. तीत तलवारीने राक्षस मारायचे असतात आणि नुसते मारून भागत नाही, ऐटीत मारावे लागतात. तोच वार पुन्हा पुन्हा केला की पडद्याच्या कोपऱ्यातला दर्जा घसरतो. वार बदलत राहिले की चढतो. पहिला भाग पूर्ण केल्याशिवाय पुढचा कोणताही भाग लावून मिळणार नाही, असा पार्लरचा नियम होता. एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने येऊन थेट तिसरा मागितला. हेडसरांनी त्याला माठातलं पाणी दिलं आणि परत पाठवलं.

भागांविषयीची त्यांची मतं ठरलेली होती आणि ती ते रोज त्याच शब्दांत सांगत. पहिल्यात रिकामा किल्ला, कमी उजेड आणि प्रत्येक दाराआड धाक. दुसऱ्याबद्दल एकच वाक्य होतं: "त्याच्यात हिरोलेच झोप येऊन राहिली." त्या भागाची डिस्क काउंटरच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलेली असे. तिसरा सर्वांत उत्तम, कारण त्यात लढायच्या चार पद्धती होत्या आणि चारही आल्याशिवाय शेवटचा शत्रू पडत नसे. चौथ्यात नवा नायक आला, तो त्यांना मान्य नव्हता. "हात आखूड आहे त्याचा," ते म्हणत. उडणारे राक्षस त्याच्या टप्प्यात येत नाहीत, तो आपला खाली उभा राहून टोमणे मारतो. त्यांच्याकडे बसून खेळलेल्या प्रत्येकाने हे पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं.

त्यांची नजर मात्र खोटी नव्हती. खरं तर नजरेचीही त्यांना गरज नसे. काउंटरवर पाठ करून बसलेले असले तरी कोणत्या टीव्हीवर कोणाचा वार चुकला, हे ते आवाजावरून सांगत. "तीन नंबर, घाई करून राहिला तू." तीन नंबरवाला घाईच करत असे. अशा माणसाच्या मतावर शंका घ्यावी, असं आम्हाला कधी वाटलं नाही.

मी तेव्हा एका दैनिकात प्रशिक्षणार्थी होतो. मुदत संपत आली होती आणि पुढे ठेवायचं की नाही, हे रविवार पुरवणीतल्या कामावर ठरणार होतं. मी चारही भागांची तुलना करणारा लेख दिला. माझ्या नावाने छापलेला तो पहिला लेख. मतं हेडसरांची होती, वाक्यं माझी. आखूड हात मी मथळ्यात घेतला.

सोमवारपासून मेल येऊ लागले. सगळ्यांचं म्हणणं एक होतं: चौथ्या नायकाजवळ साखळी आहे, ती फेकून उडता राक्षस खाली ओढता येतो, सबंध खेळ त्या साखळीवर उभा आहे. लेखकाने खेळाला हात तरी लावला आहे का? त्यांतला एक मेल पल्लवी नावाच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा होता. ती शहरातलीच होती. मी तिला पार्लरमध्ये घेऊन गेलो.

ती दोन मिनिटं खेळली, थांबली आणि तिने बटणांची सेटिंग उघडली. हेडसरांनी सहाही टीव्हींवर चौथ्या भागाची बटणं तिसऱ्यासारखी लावून घेतली होती, बोटांची सवय मोडू नये म्हणून. साखळीच्या बटणावर त्यांनी टोमणा बसवला होता. साखळीसाठी बटणच उरलं नव्हतं. इतकी वर्षं त्या तळघरात कोणीही ती पाहिली नव्हती, आणि चौथा भाग वाईट आहे हे सगळ्यांना पाठ होतं.

"काका, त्याचा हात आखूड नाही," पल्लवी म्हणाली. "तुम्हीच बांधून ठेवला आहे."

मागच्या खुर्च्यांवरचे दोघं हसले. ज्याला साखळी लागते त्याला तलवार येत नाही, असं सांगून हेडसरांनी सेटिंग होती तशी करायला लावली. मग पहिला भाग पूर्ण केला आहे का, असं तिला विचारलं. तिने दोनदा केला होता.

संपादकांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला होता. असं कसं झालं, हे पार्लरवाल्याने दोन ओळींत लिहून दिलं असतं, तर मी खेळ न पाहता लिहिलं नाही एवढं तरी दाखवता आलं असतं. मी हेडसरांना हे समजावलं. नोकरी जाऊ शकते, हेही सांगितलं. त्यांनी कंट्रोलर पुसत सगळं ऐकून घेतलं.

"पेपरात नाव कोणाचं छापलं?"

माझं, मी म्हणालो.

"मग मले काहून विचारून राहिला गा?"

चौकटीत चार ओळींची दुरुस्ती छापली गेली. महिनाअखेरीस मुदत वाढणार नसल्याचं मला कळवण्यात आलं. पुढची तीन वर्षं मी वार्ताहर म्हणून रामटेकहून गडावरची गर्दी, धानाचे भाव आणि तहसीलच्या बैठका पाठवत होतो.

नागपुरात दुसऱ्या दैनिकात परतलो, तेव्हा पार्लर बंद होत होतं. पोरं मोबाइलवर खेळू लागली होती. हेडसर वायरी गुंडाळत बसले होते. साखळी कधी वापरून पाहिली का, असं मी सरळ विचारलं.

"तू त्या पोरीले घेऊन आला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. शटर लावून सबंध खेळलो, पहिल्यापासून."

कसा आहे?

"तिसऱ्याच्या वर आहे," ते म्हणाले. दुसरी वायर घेतली. "पण सांगतलं असतं तर पोट्टे मले काय म्हटले असते?"

माझ्या नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

गेल्या वर्षी ते वारले. त्यांचा पुतण्या निधनवार्तेचा मजकूर घेऊन आमच्या कार्यालयात आला. मजकुरात खाप्याचं नाव होतं, अंत्यसंस्काराची वेळ होती आणि 'व्हिडिओ गेममधील जाणकार' असं लिहिलेलं होतं. अशी विशेषणं आम्ही सहसा काढून टाकतो. उपसंपादकाने माझ्याकडे पाहून हे ठेवायचं का, असं विचारलं. ठेव, मी म्हणालो. ती माहिती मी स्वतः पडताळलेली होती.