सोड्याचं पाणी

खासबागेतल्या विणकराच्या घरात मी सून म्हणून आले आणि त्याच साली म्हैस मेली, विहिरीनं तळ गाठला. सासूबाईंनी दोन्हींचं खापर माझ्या माथी फोडलं. 'पांढऱ्या पायाची' हे त्या शेजारणीला हळू सांगायच्या, पण मला ऐकू जाईल एवढ्याच हळू. परसात आंब्याचं एक कलम होतं, मामंजींनी जाण्याआधी लावलेलं. ते वाळलं तर हिला माहेरी मच्छ्याला धाडणार, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावलं होतं. नवरा मागावर जाऊन बसला.

मग काय, त्या उन्हाळ्यात मी नवऱ्यापेक्षा झाडालाच जास्त जपलं. बुंध्याला गवत बांधलं, आळ्यात पाचोळा पसरला. ऊन कललं की भांडी विसळलेलं पाणी घालायची.

चैत्रात मी बाजूला बसले. त्या दिवसांत बाईचा हात लागला तर झाड जळतं म्हणायचे, म्हणून पाणी घालायचं काम सासूबाईंकडे गेलं. नवरा लुगडी घेऊन बैलगाडीनं निपाणीला गेला होता. सूत रंगवण्याआधी धुण्याच्या सोड्यात उकळायचं असतं. ते उरलेलं पाणी फेकून देणं सासूबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी हंडा निववला आणि कलमाच्या आळ्यात रिकामा केला.

त्या पाण्यानं हाताची सालं निघायची. मी कोपऱ्यातूनच सांगितलं, माती काढा, मुळं जळतील.

"तू तोंड घालू नगंस," त्या म्हणाल्या. "सावलीबी पाडू नगंस झाडावर."

पाणी मुरत होतं. मी उठले, आळ्यात बसले आणि दोन्ही हातांनी ओली माती उपसायला लागले. सासूबाई धावत आल्या आणि जवळ येऊन थबकल्या. मला ओढायचं तर शिवावं लागणार! विटाळानं जन्मात एकदाच माझी बाजू घेतली. त्या शिव्या घालत राहिल्या, मी माती फेकत राहिले. बोटं चरचरत होती. शेवटी मला प्यायला दिलेली घागर मी मुळांवर ओतली आणि कोरडी माती लोटली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. पानं कडेनं करपली, मग गळायला लागली. सासूबाई सकाळी आधी झाडाकडे बघायच्या, मग माझ्याकडे. माझं गाठोडं त्यांनी बांधूनही ठेवलं होतं. रात्री मला झोप लागत नसे. एका सकाळी बघते तर गाठोडं सोडलेलं, लुगडी परत दांडीवर. परसात धावले. उघड्या फांदीला तांबूस फूट आली होती. मी तिथंच बसून रडले. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, देवीची कृपा.

वैशाखात मी पुन्हा बाजूला बसले. ऊन कललं तशा सासूबाई आल्या. भरलेली घागर त्यांनी माझ्यापुढं ठेवली, शेजारणीच्या बाजूचं दार लावून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूच घाल. मला आता भ्या वाटतंय."