आज माझ्या अंगात देवी आली

कॅन्सरनंतर हार्मोनची गोळी घेणाऱ्या बायांनो, तुम्हालाच विचारते.

आज दुपारी आंबागडला, माहेरी, नवरात्राच्या भजनाला बसले होते. ढोलकी रंगात आली आणि माझ्या छातीतून ती ओळखीची वाफ उठली. घामानं पोलकं ओलं झालं. मी पदर सारला, केस मोकळे केले. लगेच हुडहुडी भरली, दात वाजायला लागले.

भजन थांबलं. काकूनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "अंगात आली माय." बाया पाया पडू लागल्या.

गोळीमुळं होतं असं मी सांगणार, तेवढ्यात शेजारची शांता पुढे आली. वर्षभर तिला सांगत होते, गाठ दाखवून घे. ती हसण्यावारी न्यायची. आज माझा हात तिनं स्वतःच्या छातीवर ठेवला. "माय, बरी होईन का मी?"

गाठ दगडासारखी कडक लागली. माझीही अशीच होती.

मी कापतच म्हटलं, "उद्या भंडाऱ्याले दवाखान्यात जा."

"जातो माय."

घरी आल्यापासून कुंकू पुसलं नाही. तिला खरं सांगू का? आणि सांगितलं, तर ती जाईल का?