लाखेबाईंचं एफ-फाइव्ह

श्रीमती सुमित्रा लाखे, वरिष्ठ सहायक, भांडार विभाग, राहणार अयोध्या नगर, भोपाळ. काळ्या पडद्यावरील जुन्या प्रणालीचा दीर्घ अनुभव. नवी ब्राउझर प्रणाली न जमल्यास आवक-जावक शाखेत बदली प्रस्तावित.

अहवालातलं हे शेवटचं वाक्य वाचल्यापासून लाखेबाईंचा चहा गार होत होता. जुन्या पडद्यावर त्या कीबोर्डकडे न बघता मालाची नोंद भरत आणि एफ-फाइव्ह दाबून सेव्ह करत. ब्राउझरमध्ये मात्र एफ-फाइव्ह दाबलं की पान नव्यानं उघडतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. आज सकाळपासून एकच नोंद पुन्हा पुन्हा पुसली जात होती. खिडकीतून ट्रकवाला विचारत होता, "मॅडम, आज निकलेगा क्या?"

"काकू, माउसनं सेव्हवर क्लिक करा ना," नवी प्रणाली बनवणारी क्षितिजा म्हणाली.

"अगं, मला कळतंय. बोटाला कोण सांगणार?"

मग त्यांनी पर्समधून नेलकटर काढलं आणि ते बटणच उचकटलं.

"काकू, ये क्या!"

पुढच्या वेळी बोट खड्ड्यात अडखळलं, थांबलं आणि माउसकडे वळलं. ट्रक सुटला.

बदली रद्द झाली. अहवालात शेरा आहे : 'कर्मचारी नव्या प्रणालीत पूर्णतः प्रशिक्षित.' त्यांच्या कीबोर्डवर एफ-फोरनंतर एफ-सिक्स येतं.